ग्रामसभेच्या दिवशी गावात कोण असतं?

मराठवाड्यात एखाद्या धडाडीच्या अधिकाऱ्याची बदली झाली की ठरलेला वाद सुरू होतो. तहसीलसमोर ‘साहेबांची बदली रद्द करा’ असे फलक लागतात, निवेदनं दिली जातात, मोबाईलच्या स्टेटसवर साहेबांचे फोटो दिसू लागतात. एक तट म्हणतो, पुढाऱ्यांनी या भागाचं वाटोळं केलं, जे काही बरं झालं ते दोन-चार प्रामाणिक अधिकाऱ्यांनी केलं. दुसरा तट उसळून म्हणतो, साहेब आज आहे उद्या नाही, गाव सरपंचाचं आहे. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला बाजूला सारून नोकरशाहीच्या आरत्या कशाला ओवाळता? दोन्हीकडची माणसं मनापासून बोलतात आणि दोघांनाही गावाचं भलं हवं असतं. तरीही हा वाद ऐकताना मला अस्वस्थ व्हायला होतं. गाडी कोणी हाकायची यावर आपण भांडतोय, आणि गाडी सुटली तेव्हा कोण मागे राहिलं हे कोणी मोजतच नाही.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. गावाच्या विकासात सार्वजनिक सेवेचं नेतृत्व कोणी केलं हे तपासायचं असेल तर ग्रामसभेचं हजेरीपुस्तक उघडावं. निर्णय झाला त्या दिवशी गावातलं कोण हजर नव्हतं, का नव्हतं, आणि ते हजर व्हावं म्हणून कोणी तारीख बदलली, जागा बदलली, अट बदलली? हे ज्यानं केलं त्याला मी पुढारी म्हणेन, मग तो जिल्हाधिकारी असो, सरपंच असो की दोन गावांचा कारभार सांभाळणारा ग्रामसेवक असो. मराठवाड्यात नेमकं हेच काम सर्वांत कमी होतं, कारण ते उद्घाटनाच्या कोनशिलेवर लिहिता येत नाही.

काही वर्षांपूर्वी २६ जानेवारीला बालाघाटच्या डोंगरातल्या एका गावात ग्रामसभेला बसलो होतो. झेंडावंदन झालं, लेकरांना बुंदी वाटून झाली, आणि शाळेच्या पटांगणातच सतरंजी टाकून सभा सुरू झाली. हजेरीचं रजिस्टर फिरलं. विषय वाचले गेले, सूचक-अनुमोदक लिहिले गेले, पाण्याच्या नव्या टाकीची जागा ठरली. कुठे आवाज चढला नाही, कोणी कोणाला दाबलं नाही. कागदावर पाहिलं तर नमुनेदार सभा. मग मी तांड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या बंजारा वस्तीवर गेलो. बहुतेक घरांच्या कड्या तारेनं बांधलेल्या, अंगणात वाळलेल्या बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. एका घरापुढे एक म्हातारी तीन नातवंडांना भाकरी मोडून देत होती. लेक-सून ऊसतोडीला, फडावर. तिनं विचारलं, “सभा झाली म्हनं. टाकी कुठं धरली?” मी म्हणालो, स्टँडजवळ. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तितं तर नळ हाये की, दादा.”

एका गावाचं दुर्दैव म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवून बघा. कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्या साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी होतात. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा करायची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते, पुढच्या काही महिन्यांत आराखडा मंजूर होतो आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. आता ऊसतोड टोळीचं वर्ष बघा. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. दसरा झाला की बोचकी बांधायला सुरुवात, दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरतात, आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलात, माणसं परततात. गावात पुढच्या वर्षी काय होणार हे ज्या महिन्यांत ठरतं, नेमक्या त्याच महिन्यांत गावातले सर्वांत गरीब लोक सांगली-कोल्हापूरच्या, नाहीतर कर्नाटकातल्या फडात कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी घालून राहत असतात. यात कोणाचा कट नाही, आणि म्हणूनच ते जास्त गंभीर आहे. १ मे आणि १५ ऑगस्टला ही माणसं गावात असतात, हे मान्य. पण तोवर आराखडा पोर्टलवर गेलेला असतो. त्यांच्या वाट्याला येतं ते झालेल्या निर्णयांचं वाचन.

गणपूर्तीचा नियमही इथे कामी येत नाही. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं आली की सभा भरते. तेवढीही आली नाहीत तर सभा तहकूब करून पुन्हा घ्यायची, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. शंभर माणसं मोजली जातात. ती शंभर कोणत्या आळीतली, हे कोणी मोजत नाही.

आता साहेबांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही, कारण आमच्या पिढीनं किल्लारीचा भूकंप पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जन करून झोपलेली गावं, दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्याखाली गेलेली हजारो माणसं. तेव्हा लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी होते. त्या दिवसांत ग्रामसभा भरवून ठराव करायला कोणाला वेळ होता? हुकूम देणारा आणि तो पाळून घेणारा माणूसच हवा होता, आणि तो मिळाला म्हणून मदत पोचली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तीही वाटाघाटींच्या बैठकांनी आली नसती. संकटात धडाडीच्या प्रशासनाला पर्याय नसतो. हे कबूल करूनच पुढे बोललं पाहिजे.

पण किल्लारीचीच गोष्ट पुढे नेली तर काय दिसतं? जी ५२ गावं नव्या जागी वसवली, तिथे घराचं माप जमिनीच्या मापावर ठरलं. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. भूकंपात सगळ्यांच्याच भिंती पडल्या होत्या, माणसं सगळ्यांचीच गेली होती, पण सरकारनं नवं गाव आखलं ते जुन्या सातबाऱ्याच्या हिशेबानं. ज्यांनी हे ठरवलं ती कर्तबगार माणसं होती, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पूर्वी ज्याचा वाडा होता त्याला वाड्याजोगं काही द्यावं, असा त्यामागचा विचार असेल. तरी प्रश्न उरतोच. २५० फुटांत पाच माणसांचा संसार कसा मांडायचा, हे ठरवताना त्या घरातल्या बाईला कोणी विचारलं होतं?

त्याच पुनर्वसनाचा दुसरा भाग मात्र वेगळा घडला. ज्या हजाराहून अधिक गावांत घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती, तिथे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या सोबतीनं बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. घराबाहेर मोठ्यानं न बोलणाऱ्या त्या बायकांनी इंजिनिअरला विचारायला सुरुवात केली की लोखंड किती, सिमेंट किती, हप्ता कधी, कोपऱ्याला सळई का घातली नाही. घर मालकानं बांधायचं, पैसा टप्प्यानं यायचा, आणि मधल्या दुव्यावर गावातलीच बाई. तिथल्या बायकांचे बचत गट भूकंपाचं काम संपल्यावरही मोडले नाहीत. एकच आपत्ती, एकच सरकार, एकाच काळातले अधिकारी. मग फरक कशानं पडला? एका ठिकाणी माणसांना यादीत घातलं, दुसऱ्या ठिकाणी त्यांना कामावर घेतलं.

आता दुसऱ्या तटाकडे वळतो, कारण तिकडचं दुखणं अधिक खोल आहे. ‘गाव सरपंचाचं’ म्हणताना आपण कोणत्या सरपंचाबद्दल बोलतोय? महिलांना पन्नास टक्के आरक्षण मिळालं, पण खुर्चीवर बाई आणि शिक्का-पासबुक नवऱ्याच्या खिशात, हे चित्र कोणाला अनोळखी आहे? पॅनलच्या निवडणुकीत किती खर्च होतो आणि तो कामांच्या ठेक्यांतून कसा वसूल होतो, हे गावातलं पोरगंही सांगेल. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीतून हे घडल्याचं आरोपपत्रात म्हटलं आहे. निवाडा न्यायालय करील. पण त्या हिवाळ्यात सगळ्या बीड जिल्ह्याला जे कळायचं ते कळलं. गावात बाहेरून येणाऱ्या पैशाच्या वाटेत उभं राहणं जिवावर बेतू शकतं. असं असताना एखादी आई म्हणत असेल की मला पुढारी नको, कडक अधिकारी हवा, तर तिला लोकशाहीवर व्याख्यान द्यायचा अधिकार मला नाही.

मात्र तिच्या भीतीला उत्तर म्हणून ‘सगळं अधिकाऱ्यांच्या हाती द्या’ असं जे सुचवलं जातं, त्याची परीक्षा आपल्या डोळ्यांदेखत झाली आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणुका आरक्षणाच्या आणि प्रभागांच्या वादात अडकल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगावं लागलं, आणि तीही मुदत पाळली गेली नाही. तीन वर्षांहून अधिक काळ मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांच्या परिषदांवर प्रशासक होते. सभागृह नाही, सभापती नाही, सदस्यांचा दबाव नाही, टक्केवारीचा जो दोष पुढाऱ्यांवर ठेवला जातो तो ठेवायला पुढारीच नाहीत. अधिकारी एकटा पुरेसा असता तर हीच वर्षं आपल्या भरभराटीची ठरायला हवी होती. या काळात तुमच्या गावच्या शाळेला वेळेवर शिक्षक मिळाला का? उपकेंद्रात डॉक्टर राहायला लागला का? तांड्याचा रस्ता झाला का? आणि झाला नसेल तर तुम्ही कोणाच्या दारात जाऊन बसलात? पूर्वी निदान एक सदस्य होता. त्याला शिव्या घालता यायच्या, लग्नात गाठून सर्वांसमोर विचारता यायचं. प्रशासकाच्या दालनाबाहेर शिपाई असतो आणि भेटायची वेळ असते.

साहेब या शब्दावर मराठवाड्याचा एवढा भरवसा का, याला इतिहास आहे. मुंबई इलाख्यातल्या तालुक्यांना लोकल बोर्डाच्या निवडणुकांची सवय होती. आपल्याकडे निजामाच्या राज्यात दिवाणी म्हणजे सरकारी मुलूख, सर्फेखास म्हणजे निजामाचा खासगी मुलूख आणि जहागिरी अशा वाटण्या होत्या, आणि रयतेनं करायचं ते अर्ज करणं. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेलं, पुढच्या वर्षी जहागिरी गेल्या, १९५० च्या कूळकायद्यानं कसणाऱ्याला हक्क दिला. पण तहसीलमधले गिरदावर आणि पेशकार हे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत, आणि हातात अर्ज धरून ‘मायबाप’ म्हणण्याची सवयही पुरती गेलेली नाही. ज्यांनी मुक्तिसंग्राम लढवला, त्यांचा झगडा एक सत्ताधीश बदलून दुसरा बसवण्यापुरता नव्हता. स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शिक्षक, आणि गावोगावच्या शाळांतून तयार झालेली पोरं या लढ्यात होती. त्या पोरांच्या नातवंडांनी चांगल्या साहेबाची वाट बघत बसावं, याचं मला वाईट वाटतं.

आणि जिल्हा परिषदा उभ्या करणाऱ्यांनी हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न केलाच होता. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्यात जिल्हाधिकाऱ्याला परिषदेच्या बाहेर ठेवलं आणि मुख्य कार्यकारी अधिकारी परिषदेच्या आत आणला. म्हणजे सनदी अधिकाऱ्याचं कसब हवं, पण ते निवडून आलेल्या सभागृहाशी बांधलेलं हवं. साहेब की सरपंच असा निवाडा त्या माणसांनी दिलाच नाही, त्यांनी दोघांना एकाच दावणीला बांधलं. नाईक स्वतः गहुलीच्या बंजारा कुटुंबातले. तांडा गावाच्या नकाशावर असूनही गावच्या चावडीवर नसतो, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

सरपंचाच्या बाजूचे लोक मला पाटोद्याचं नाव सांगतात. छत्रपती संभाजीनगरजवळचं हे गाव भास्करराव पेरे पाटलांनी नावारूपाला आणलं. कर भरणाऱ्याला मोफत दळण, शुद्ध पाणी, गरम पाणी, झाडं, स्वच्छता. मीही ते गाव बघून भारावलो होतो. कराच्या बदल्यात गावाला रोज दिसेल अशी सेवा द्यायची, ही कल्पना शंभर नंबरी आहे, कारण त्यातून माणूस लाभार्थी न राहता ग्राहकासारखा हक्कानं बोलतो. पण २०२१ च्या निवडणुकीत त्यांच्या पॅनलचा पराभव झाला, त्यांची कन्याही हरली. बाहेरच्यांनी तेव्हा गावालाच नावं ठेवली, ‘लोकांना कदर नाही’ म्हणून. मला तसं वाटलं नाही. गावानं मत दिलं, तो गावाचा हक्क होता. एका माणसाच्या नावावर गाव ओळखलं जाऊ लागलं की कधीतरी गावाला स्वतःचंही नाव हवंसं वाटत असेल. म्हणजे साहेबपूजा जशी अपुरी तशी सरपंचपूजाही. आणि अशा कोणत्याही गावाबद्दल मला आणखी एक विचारावंसं वाटतं. कर भरणाऱ्याला दळण मोफत, हे न्यायाचं झालं. ज्या घराला सहा महिने कुलूप असतं आणि ज्याची घरपट्टी थकलेली असते, त्याच्या दळणाचं काय?

इथे एक जाणता वाचक मला थांबवील. म्हणेल, तारखा-बिरखा ठीक आहे हो, पण माणूस ऊसतोडीला जातोच का? पाणी नाही, काम नाही म्हणून. पाणी द्या, काम द्या, मग तो जाणार नाही आणि सभेला आपोआप हजर राहील. या भागातला हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, आणि अर्धा खराही आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांचे हात ज्यांनी पाहिले, त्यांना कामाची किंमत सांगावी लागत नाही. त्या दुष्काळातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा उभा राहिला. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, पण कल्पना त्यांनी आधी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून पाहिली. पैसा शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून उभा केला. आणि सर्वांत महत्त्वाचं, काम ही साहेबाची मेहेरबानी न राहता मजुराचा हक्क झाला. मागणी नोंदवा, पंधरा दिवसांत काम द्या, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्या. पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्यानं हाच पाया घेतला.

मग एवढा हक्क असताना टोळ्या का जातात? याचं उत्तर मला एका मुकादमानं एका वाक्यात दिलं होतं: “सरकार काम झाल्यावर पैसे देतं, मी कामाच्या आधी देतो.” उचल एकरकमी मिळते, आणि ती मिळते तेव्हा घरात लग्न असतं, दवाखाना असतो, सावकाराचा तगादा असतो. रोजगार हमीच्या मजुरीला हजेरीपत्रक, मोजमाप, मंजुरी, बँक एवढे टप्पे आहेत. शेतीच्या योजनांचंही तेच. आधी स्वतः खर्च करा, बिलं जोडा, मग अनुदान खात्यात येईल. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसा आहे त्यालाच अनुदान मिळतं, आणि ज्याला त्याची खरी गरज आहे तो नियमानं पात्र असूनही प्रत्यक्षात बाहेर राहतो. कोणीही लाच घेतली नाही, कोणीही भेदभाव केला नाही, तरी यादी तीच राहते. हे बदलायला फार मोठा निधी लागत नाही. मजुराच्या पैशाला उशीर का झाला हे दर आठवड्याला विचारणारा कोणीतरी लागतो. मागणीचा नमुना चार भरून घेतल्यावर तारखेची पोच हातात देणारा रोजगार सेवक लागतो, कारण पोच नसेल तर पंधरा दिवस कुठून मोजायचे? बचत गटाच्या कर्जाचा हप्ता उचलीच्या हंगामाआधी मिळावा म्हणून बँकेत खेटे घालणारी ताई लागते. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या अशा बायका मी पाहिल्या आहेत. त्यांचं मानधन सांगायलाही संकोच वाटावा इतकं असतं.

पाण्याचंही असंच आहे. जालना जिल्ह्यातलं कडवंची आज द्राक्षं आणि शेततळ्यांसाठी ओळखलं जातं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या माणसांनी तिथे नव्वदच्या दशकात माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचं काम केलं, आणि निधी संपल्यावर पाठ फिरवली नाही. बदलीच्या फेऱ्यात नसलेली माणसं जवळ होती, हा त्या यशातला मोठा वाटा आहे असं माझं मत. पण पाणलोटाचा धडा घेताना एक गोष्ट विसरली जाते. बांधबंदिस्ती टिकवायची तर चराईबंदी करावी लागते, आणि चराईबंदी सर्वांत आधी लागते ती चार शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीन बाईला. खाली विहिरीला पाणी वाढतं ते जमीनवाल्याच्या. वर डोंगरावर चारा बंद होतो तो तिचा. तेव्हा पाणी आलं की सगळे प्रश्न सुटतील, हे म्हणणं अर्धंच खरं. पाणी आल्यावर कोणाचं काय गेलं, हे विचारायची जागा पुन्हा ती सभाच आहे, आणि त्या सभेला ती बाई हवी.

गैरहजेरीची किंमत किती असू शकते, याचा एक आकडा बीड जिल्ह्यानं देशाला दिला आहे. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झाली ८२,३०९ बायकांची. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. हे एका वर्षात झालेलं नाही. या काळात जिल्ह्यात किती अधिकारी आले आणि गेले, किती सरपंच निवडून आले. त्यातले कित्येक कर्तबगार असणार. आरोग्याची पाहणी होते तेव्हा बाई फडावर, ग्रामसभा होते तेव्हा फडावर, आणि पाळी आली तर खाडा पडतो म्हणून ती अवयवच काढून टाकायला तयार होते. तिच्या वेळापत्रकाशी आपल्या कारभाराचं वेळापत्रक कधी जुळलंच नाही. गाजावाजा झाल्यावर शासनानं ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यायचं काम ग्रामसेवकाकडे दिलं. म्हणजे शेवटी सगळं येऊन थांबलं ते त्याच सर्वांत खालच्या पायरीवर.

त्या पायरीवरच्या माणसाबद्दल आपण किती कमी बोलतो! जिल्हाधिकाऱ्याच्या बदलीवर मोर्चा निघतो, ग्रामसेवकाची बदली झाली तर पारावर ‘गेला का भाऊसाहेब’ एवढंच. दोन-तीन गावांचा भार असलेल्या माणसाला एका गावासाठी पुरता वेळ मिळतोच कुठे? २०२४ मध्ये ग्रामसेवकाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी. मान मिळाला, चांगलं झालं. त्याबरोबर गावं कमी झाली असती तर आणखी चांगलं झालं असतं. सकाळी व्हिडिओ बैठक, दुपारी पोर्टलवर फोटो, संध्याकाळी पंचायत समितीत आढावा. यातून तांड्यावर कोणी केव्हा जायचं? वरचा साहेब खरा नेता असेल तर त्यानं स्वतः गावात रात्रीचा मुक्काम करण्यापेक्षा खालच्या माणसाचे दोन फोटो आणि एक बैठक कमी करावी. वर्तमानपत्रात बातमी येणार नाही, पण माणूस तांड्यावर पोचेल.

कोणी म्हणेल, आराखड्याची तारीख केंद्राची, ग्रामसेवकाच्या हातात काय? त्याच्या हातात आहे ते पुरेसं आहे. चार ग्रामसभा ही किमान संख्या आहे. सरपंचाला कधीही ग्रामसभा बोलावता येते, आणि ती दसऱ्याच्या आधी संध्याकाळी तांड्यावर घ्यायला कोणता कायदा आड येतो?

हे मी हवेत बोलत नाही. धाराशिवकडच्या एका गावात ग्रामसेवक मॅडम ऊसतोड कामगारांचे फॉर्म भरायला भाद्रपदात तांड्यावर जायच्या. दिवसा कोणी सापडत नाही म्हणून अंधार पडल्यावर जाऊ लागल्या. दिव्याखाली फॉर्म भरता भरता त्यांच्या लक्षात आलं की कधी नव्हे ते इथे सगळे आहेत, पुरुष, बायका, कडेवरची पोरं. त्यांनी सरपंचांना फोन केला. सरपंच आधी कुरकुरले, तांड्यावर सभा घेतली तर गावात काय तोंड दाखवू म्हणाले. मग आले. त्या रात्री आराखड्यात दोनच गोष्टी वाढल्या, तांड्यावर पाण्याचा एक स्टँडपोस्ट आणि हंगामात मागे राहणाऱ्या लेकरांच्या हंगामी वसतिगृहाची मागणी. जाताना मॅडमनी प्रोसिडिंग बुकात आणखी एक ठराव लिहून घेतला: दरवर्षी टोळ्या जाण्याआधी एक आणि पट्टा पडल्यावर एक, अशा दोन सभा तांड्यावर घ्याव्यात.

पुढच्या वर्षी मॅडमची बदली झाली. कोणी मोर्चा काढला नाही, टोळ्या फडावर होत्या. एप्रिलात परत आल्यावर चार-पाच बायका ग्रामपंचायतीत गेल्या. नवे भाऊसाहेब खुर्चीवर होते, त्यांना काही माहीत नव्हतं. “आमची सभा कवा हाय?” एकीनं विचारलं. ते म्हणाले, कसली सभा? तिनं टेबलावरच्या रजिस्टरकडे बोट दाखवलं. “त्यात लिवलंय. मॅडमनी लिवलंय, आमी आंगठे दिलेत.” भाऊसाहेबांनी पानं उलटली, ठराव सापडला, खाली अंगठ्यांची रांग होती. त्यांनी तो दोनदा वाचला आणि नोटीस काढायला कागद घेतला.